टॅरोची दोन कार्डं एकत्र वाचताना: जोडीचा समास कसा सोडवायचा

टॅरो, म्हणजे चित्रांची कार्डं काढून त्यांवरून प्रश्नाकडे बघायची पद्धत, शिकायला लागून मला तेव्हा चार महिने झाले होते. ७८ कार्डांचे अर्थ घडाघडा म्हणता येत होते, आणि त्याच जोरावर मी एका मैत्रिणीसमोर डेक मांडून बसले. तिचा प्रश्न सरळ होता: "नोकरी सोडू का?" दोन कार्डं काढली. पहिलं आलं एट ऑफ कप्स (आठ पेल्यांचं), दुसरं फोर ऑफ पेंटॅकल्स (चार नाण्यांचं). पाठांतर कामाला लागलं. पहिलं म्हणजे निघून जाणं, दुसरं म्हणजे धरून ठेवणं. जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तुला सोडावीशी वाटतेय, पण सोडू नये असंही वाटतंय, असं दिसतंय."

ती म्हणाली, "अगं, म्हणून तर तुझ्याकडे आले ना!"

त्या दिवशी कळलं की मला शब्द येत होते, वाक्य येत नव्हतं. पुढे बरेच महिने चाचपडल्यावर शाळेतलं मराठी व्याकरण कामी आलं. 'राजवाडा' म्हणजे राजा अधिक वाडा अशी बेरीज आपण करत नाही. राजाचा वाडा असा विग्रह करतो. मधला 'चा' कुठे लिहिलेला नसतो, तो आपण ओळखतो. टॅरोच्या दोन कार्डांमध्येही असाच एखादा 'चा', 'साठी', 'पण' किंवा 'म्हणून' दडलेला असतो. जोडी वाचायची म्हणजे तो शोधून काढायचा. ही माझी स्वतःची सोय आहे. टॅरोवाल्यांचा हा काही नियम नाही, पण नवख्या माणसाला याने पाय टेकायला जागा मिळते.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. टॅरोची पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळायला म्हणून निघाली. त्यांच्यावरून भाकीत सांगायची पद्धत रूढ झाली ती अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. मी स्वतः कार्डांकडून भविष्य मागत नाही. अडलेल्या प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने बघायला ती उपयोगी पडतात, एवढंच. तुमची श्रद्धा याहून वेगळी असली तरी पुढच्या पायऱ्या तशाच लागू होतील.

जवळ काय काय हवं

- पूर्ण ७८ कार्डांचा डेक. नवख्यांनी रायडर-वेट-स्मिथ पद्धतीचाच घ्यावा. आर्थर एडवर्ड वेट यांची कल्पना आणि पामेला कोलमन स्मिथ यांची चित्रं असलेला हा डेक १९०९ मध्ये लंडनमध्ये निघाला. यात एक्क्यापासून दहापर्यंतच्या मायनर, म्हणजे रोजच्या व्यवहाराच्या, कार्डांवरही माणसं आणि प्रसंग रंगवलेले आहेत. मार्सेय पद्धतीच्या डेकमध्ये त्याच कार्डांवर नुसते पेले, नाणी, तलवारी मोजून मांडलेल्या असतात. तो डेक वाईट नाही, पण मी पुढे जे सांगणार आहे त्यातलं निम्मं चित्रावर उभं आहे.
- एक वही. मोबाइलमधली नोंद चालेल, पण कार्डं मांडलेली असताना फोन हातात घेतला की रीडिंग संपतं, असा माझा अनुभव आहे.
- अर्थांचं पुस्तक. हे उठून आणावं लागेल इतक्या लांब ठेवा.
- घड्याळ. ते कशाला, हे दुसऱ्या पायरीत येईल.

जोड्यांच्या अर्थांची तयार यादी मात्र शोधत बसू नका. ७८ कार्डांतून दोन काढली तर ३,००३ जोड्या होतात. कोणतं आधी आलं हे धरलं तर ६,००६. उलटी, म्हणजे चित्राचं डोकं खाली आलेली, कार्डंही मोजली तर २४,०२४. एवढं पाठ करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि केलंच कुणी तरी समोरच्याचा प्रश्न त्या यादीत नसतोच.

१. कार्डं काढण्याआधी दोघांच्या जागा ठरवा

पानं पिसताना मनात नक्की करा: पहिलं कार्ड कशाचं, दुसरं कशाचं? रोजच्या वापरातल्या जागा अशा: परिस्थिती आणि सल्ला, मी आणि समोरचा, दिसतंय ते आणि दिसत नाही ते, हा रस्ता आणि तो रस्ता. जागा ठरल्या की निम्मा समास आपोआप सुटतो. 'परिस्थिती आणि सल्ला'मध्ये दुसरं कार्ड पहिल्याला उत्तर देतं. 'हा रस्ता आणि तो रस्ता'मध्ये दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत, शेजारी शेजारी उभे असतात.

जागा न ठरवता मोकळी जोडीही काढता येते. डावं आधी, उजवं नंतर, एवढा क्रम तरी मग पाळा.

इथला खड्डा: कार्डं बघितल्यावर जागा ठरवणं. टॉवर (कोसळणारा मनोरा) पहिलं आलं की "नाही नाही, पहिलं म्हणजे मागचं, ते होऊन गेलं" असं म्हणायचा मोह होतो. मी केलंय ते. समोरच्याला बरं वाटतं, आणि आपण काय केलं ते आपल्याला माहीत असतं.

२. दोन मिनिटं नुसतं बघा

घड्याळ यासाठी. दोन मिनिटं एकही अर्थ आठवायचा नाही, फक्त चित्रं बघायची. सुरुवातीला ही दोन मिनिटं फार लांब वाटतात.

सगळ्यात आधी तोंडं कुठे आहेत ते पाहा. नाइट ऑफ कप्सचा घोडा तुमच्या डावीकडून उजवीकडे चाललाय, पावलापावलाने, आणि स्वाराने पेला पुढे धरलाय. नाइट ऑफ स्वोर्ड्स उजवीकडून डावीकडे सुटलाय, भरधाव, तलवार उगारून. आता नात्याबद्दलचा प्रश्न आहे आणि डावीकडे कप्स, उजवीकडे स्वोर्ड्स आलं, तर दोघं समोरासमोर येतात: एक काहीतरी द्यायला आलाय, दुसरा चाल करून. हीच दोन कार्डं अदलाबदल होऊन आली तर दोघांच्या पाठी एकमेकांना लागतात. भांडण होऊन गेलंय आणि जो तो आपापल्या वाटेने निघालाय. अर्थांच्या पुस्तकात या दोन मांडण्यांत काही फरक नाही. टेबलावर जमीन-अस्मानाचा आहे.

मग दोन्ही चित्रांत पुन्हा दिसणारी वस्तू शोधा. डेथच्या कार्डावर सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय, सनच्या कार्डावर लहान मूल पांढऱ्या घोड्यावर बसलंय. डेथच्या मागे क्षितिजावर दोन मनोरे आहेत आणि त्यांच्यामध्ये सूर्य. म्हणजे ही दोन कार्डं एकत्र आली तर मागचा तो बारकासा सूर्य दुसऱ्या कार्डात पुढे येऊन आख्खं आकाश व्यापतो. डेथच्या जोडीला मून आलं तर मनोरे तेच राहतात, फक्त मधे सूर्याऐवजी चंद्र असतो आणि वाटेवर भुंकणारी जनावरं. "बदलानंतर काय?" या प्रश्नाला एकीकडे उजेड आहे, दुसरीकडे अजून बरीच रात्र. हे मी कुठे पाठ केलं नव्हतं, मनोरे दिसले म्हणून सुचलं.

आणि माणूसच नाही असं कार्ड आलं तर तीही खूण समजा. एट ऑफ वाँड्समध्ये फक्त आकाशातून येणाऱ्या काठ्या आहेत. शेजारच्या कार्डातल्या माणसाकडे त्या येतायत की त्याच्यापासून दूर जातायत, ते पाहा.

३. वजन जोखा

मेजर अर्कानाची २२ कार्डं मोठ्या वळणांची, मायनरची ५६ रोजच्या व्यवहाराची. जोडीत एक मेजर आणि एक मायनर असेल तर मेजरमध्ये विषय शोधा आणि मायनरमध्ये तो विषय कुठे घडतोय ते. जस्टिस आणि सिक्स ऑफ पेंटॅकल्स घ्या. विषय न्यायाचा, जागा पैशाच्या देण्याघेण्याची. दोन्ही चित्रांत तराजू आहे, हे दुसऱ्या पायरीत दिसलं असेलच.

दोन्ही मेजर आली की नवखी मंडळी घाबरतात. घाबरू नका, साधा हिशेब आहे. चांगली पिसलेली पानं असतील तर सरासरी दर १३ जोड्यांत एक जोडी दोन मेजरांची निघतेच. दोन्ही मायनर निघण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. तेव्हा "अरे बापरे, दोन मेजर!" असं समोरच्यासमोर म्हणू नका.

पेज, नाइट, क्वीन, किंग या दरबारी कार्डांचा गोंधळ वेगळाच. ती माणसं दाखवतात की स्वभाव? जोडीत मी सरळ विचारते: "यातली ही कुणी ओळखीची वाटते का?" उत्तर 'हो' असेल तर माणूस धरायचा, नसेल तर वागायची रीत.

आकड्यांबद्दल थोडक्यात: दोन्ही कार्डं एकाच आकड्याची असतील तर लक्ष द्या. फाइव्ह ऑफ कप्स आणि फाइव्ह ऑफ पेंटॅकल्स म्हणजे मनाची आणि पैशाची ओढाताण एकाच वेळी. काही जण दोन आकड्यांची बेरीज करून तिसरं कार्ड काढतात. मी ते करून पाहिलं आणि सोडून दिलं. दोन नीट वाचून होत नाहीत तोवर तिसरं कशाला?

४. तत्त्वांचं जमतं का ते बघा

वाँड्स म्हणजे अग्नी, कप्स जल, स्वोर्ड्स वायू, पेंटॅकल्स पृथ्वी. जोडीसाठी लागणारा नियम १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाकडून आलाय. वेट आणि स्मिथ दोघंही त्या मंडळात होते. नियम छोटा आहे. एकाच तत्त्वाची दोन कार्डं एकमेकांना जोर देतात, मग ती चांगली असोत की वाईट. अग्नी आणि जल एकमेकांना दुबळं करतात. वायू आणि पृथ्वीचंही तसंच. बाकीच्या जोड्यांचं एकमेकांशी बरं चालतं.

एस ऑफ वाँड्सशेजारी फोर ऑफ कप्स आलं की नवी कल्पना आणि झाडाखाली हाताची घडी घालून बसलेला माणूस समोरासमोर येतात. आगीवर पाणी. कल्पना मेली असं मी म्हणणार नाही, धुमसतेय म्हणेन. तोच एस ऑफ वाँड्स टू ऑफ वाँड्सबरोबर आला तर उत्साह दुप्पट, आणि उतावळेपणाही.

मेजर कार्डांनाही तत्त्वं जोडलेली आहेत, पण पहिले सहा महिने तिकडे फिरकू नका. डोकं भंजाळतं.

५. समास ओळखा

आता खरं काम. शाळेत चार समास शिकवतात, आणि कुठलं पद महत्त्वाचं यावरून ते ठरतात. कार्डांनाही तोच प्रश्न विचारायचा: या जोडीत वजन कुणाकडे आहे?

*दोन्हींकडे: द्वंद्व.* आईवडील म्हणजे आई आणि वडील. पण 'खरेखोटे' म्हणजे खरे किंवा खोटे, हेही द्वंद्वच. त्यामुळे दोन तोलामोलाची कार्डं आली, उदाहरणार्थ क्वीन ऑफ स्वोर्ड्स आणि क्वीन ऑफ कप्स, तर मधे एकदा 'आणि' घालून बघा, एकदा 'किंवा'. 'आणि' लावलं तर स्पष्ट बोलायचंय पण मायाही सोडायची नाही. 'किंवा' लावलं तर निवड करायची आहे. प्रश्नात "की" असेल, म्हणजे "हे करू की ते", तर बहुधा 'किंवा'च बसतं.

*दुसऱ्याकडे: तत्पुरुष.* माझ्या वहीत सगळ्यात जास्त जोड्या याच आहेत. दुसरं कार्ड मुख्य, पहिलं त्याला चिकटलेलं, आणि मधे एक गाळलेला प्रत्यय. तो शोधायला सगळे प्रत्यय एकेक करून लावून बघायचे.

एक जोडी सावकाश सोडवून दाखवते: पहिलं डेव्हिल, दुसरं एट ऑफ पेंटॅकल्स. डेव्हिलमध्ये एक स्त्री आणि एक पुरुष साखळीने बांधलेले आहेत, पण गळ्यातल्या त्या साखळ्या नीट बघा, डोक्यावरून काढता येतील इतक्या सैल आहेत. एट ऑफ पेंटॅकल्समध्ये एक कारागीर बाकावर बसून नाणं कोरतोय, मान खाली, गाव लांब मागे राहिलेलं. मुख्य पद काम. आता प्रत्यय लावू.

'डेव्हिलचं काम': कामच साखळी झालंय. हात थांबत नाहीत, आणि थांबले तर बेचैनी येते.

'डेव्हिलसाठी काम': जे बांधून ठेवतंय त्याचं देणं फेडायला राबणं. कर्ज असेल, एखादी खर्चिक सवय असेल, मान वर करू न देणारा एखादा माणूस असेल.

'डेव्हिलपासून काम': कामाच्या आधाराने सुटका. हात गुंतले, मन गुंतलं आणि साखळी गळून पडली.

एकाच जोडीचे तीन अर्थ, त्यातला शेवटचा पहिल्याच्या अगदी उलट! निवडायचा कसा? प्रश्नावरून. व्यसन सोडून दोन महिने झालेला माणूस "आता पुढे काय" विचारत असेल तर 'पासून'. रात्री उशिरापर्यंत काम करणारी व्यक्ती "मला बढती का मिळत नाही" विचारत असेल तर 'चं'. आणि खरंच कळत नसेल तर तिन्ही वाक्यं समोर ठेवा आणि विचारा, "यातलं कुठलं लागू पडतं?" त्यात कमीपणा नाही. माणूस एका वाक्याला हमखास थबकतो.

आता क्रम उलटा करा: आधी एट ऑफ पेंटॅकल्स, मग डेव्हिल. मुख्य पद बदललं. 'कामातला डेव्हिल': रोज थोडं थोडं कोरून स्वतःच घडवलेली सवय. क्रमाला मी इतकं का धरून बसते ते आता लक्षात आलं असेल.

*पहिल्याकडे: अव्ययीभाव.* यथाशक्ती, बिनतक्रार. असा शब्द 'कसं' या प्रश्नाचं उत्तर देतो. म्हणून प्रश्नच "कसं करू?" असा असेल तेव्हा हा समास तपासा. हँग्ड मॅन (उलटा टांगलेला माणूस) आणि नाइट ऑफ वाँड्स आलं, तर नाइटच्या घोड्यावर लगेच बसू नका. पहिलं कार्ड रीत सांगतंय: थांबून, उलट्या बाजूने बघून. धावायचं आहेच, पण त्या रीतीने.

*कुणाकडेच नाही: बहुव्रीही.* नीळकंठ म्हटल्यावर आपल्याला निळा रंग किंवा गळा आठवत नाही, शंकर आठवतो. काही जोड्या अशाच तिसरीकडे बोट दाखवतात. फाइव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये दोन गरीब माणसं बर्फातून चालली आहेत, डोक्यावर रंगीत काचेची उजळलेली खिडकी. शेजारी हायरोफंट आला, म्हणजे आत गादीवर बसलेला धर्मगुरू. एक गरिबीचं कार्ड, एक परंपरेचं, संस्थेचं. पण दोन्ही शेजारी ठेवल्यावर मला न रंगवलेली गोष्ट दिसते: दार. आत कुणीतरी आहे आणि बाहेरच्यांनी ते ठोठावलेलंच नाही. मदत मागितली नाही, हा त्या जोडीचा अर्थ, आणि तो दोन्ही कार्डांच्या अर्थांत सुटासुटा सापडत नाही.

दुसरी अशी जोडी लव्हर्स आणि डेव्हिलची. मांडणी तीच: वर पंख असलेली आकृती, खाली एक पुरुष, एक स्त्री. आकडे ६ आणि १५, आणि १ अधिक ५ पुन्हा ६. ही माणसं बदललेली नाहीत, त्यांच्या डोक्यावर कोण उभं आहे ते बदललंय. नात्याच्या प्रश्नात ही जोडी आली की मी प्रेम आणि मोह असे दोन शब्द उच्चारत नाही. विचारते, "तुमच्या दोघांत तिसरं काय आहे?"

सगळ्या जोड्या या चार कप्प्यांत बसत नाहीत. बसवायचा हट्टही करू नका.

६. एक वाक्य लिहा

समास सुटला की वहीत एक वाक्य लिहायचं, पंधरा शब्दांच्या आत. त्यात 'ऊर्जा', 'प्रवास', 'परिवर्तन' हे शब्द चालणार नाहीत. ते कुठल्याही जोडीला लागतात, म्हणजे कुठल्याच जोडीला लागत नाहीत.

वाक्यात उभयान्वयी अव्यय बदलून बघा. टॉवर आणि स्टार ही क्रमाने येणारी कार्डं, १६ आणि १७. 'पडलं, म्हणून आकाश दिसलं.' 'पडलं, तरी पाणी आटलं नाही.' स्टारमधली बाई गुडघ्यावर बसून दोन घड्यांतलं पाणी ओततेय, म्हणून 'पाणी'. उलट क्रमाने: 'आशा होती, पण भिंत कच्ची होती.' वाक्य कार्डातल्या वस्तूंचं असेल तर ऐकणाऱ्याच्या लक्षात राहतं.

माझ्या मैत्रिणीच्या जोडीकडे आता परत येते. तिच्या प्रश्नानंतर बऱ्याच महिन्यांनी मी तीच दोन कार्डं पुन्हा टेबलावर मांडली. एट ऑफ कप्समधला माणूस लाल अंगरखा घालून, काठी घेऊन, आपल्याकडे पाठ करून चाललाय. मागे आठ पेले नीट रचलेले, वरच्या ओळीत मात्र एकाची जागा रिकामी. फोर ऑफ पेंटॅकल्समधल्याने एक नाणं छातीशी कवटाळलंय, एक डोक्यावर आहे, दोन पायांखाली. मान हलवली तर वरचं पडेल, पाऊल उचललं तर खालचं सुटेल. तो धरून बसलाय असं पुस्तक सांगतं. मला तो अडकलेला दिसला.

वाक्य झालं: 'मन निघालंय, पण हिशेब उठू देत नाही.' आणि कार्डं उलट्या क्रमाने आली असती तर: 'आधी गाठीला बांध, मग नीघ.' मैत्रिणीला फोन करून पहिलं वाक्य सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, "हप्त्याचंच टेन्शन होतं गं तेव्हा. हे तेव्हा का नाही सांगितलंस?" तिचा प्रश्न नोकरी सोडायचा नव्हताच, किती महिन्यांचे पैसे हाताशी हवेत हा होता. परस्परविरोधी वाटणारी जोडी आली की मी आता हेच शोधते: एक कार्ड दुसऱ्याचं कारण आहे का?

७. उलटी कार्डं

पहिले काही महिने सगळी सरळ ठेवा, त्याने काही बिघडत नाही. नंतर घेतलीत तर जोडीपुरता एवढा नियम पुरतो: एक सरळ, एक उलटं असेल तर सरळ कार्ड उघड चाललंय, उलटं आतल्या आत किंवा अडलेलं आहे. थ्री ऑफ कप्स सरळ आणि थ्री ऑफ स्वोर्ड्स उलटं: वर मैत्रिणींचा जल्लोष, आत न सांगितलेली जखम. दोन्ही उलटी असतील तर आधी डेक चुकून उलटा धरलेला नाही ना, ते बघा. हसू नका, माझं झालंय.

८. हमखास फसायच्या जागा

तिसरं कार्ड. जोडी कळली नाही की "खुलासा म्हणून एक काढते" असं होतं. मग तेही कळत नाही, मग चौथं. मी एकदा नऊ कार्डांपर्यंत गेले होते आणि शेवटी मूळ प्रश्न काय होता हेच आठवेना. दोनच ठेवा. नाही कळली तर "नाही कळली" म्हणा.

तोच प्रश्न पुन्हा विचारणं. आवडती जोडी येईपर्यंत पिसत राहिलं तर ती कधीतरी येणारच. कार्डं आहेत, दमत नाहीत.

डेथ बघून दचकणं. जोडीत दुसरं काहीही असो, डेथवरून कुणाच्या मरणाबद्दल बोलायचं नाही. आजार, कोर्टकचेरी, गरोदरपण, गुंतवणूक या प्रश्नांना मी जोडी काढतच नाही, त्या त्या जाणकाराकडे जायला सांगते.

हजर नसलेल्या माणसाच्या मनात शिरणं. "त्याच्या मनात काय आहे?" या प्रश्नाला आलेली जोडी विचारणाऱ्याच्याच मनातलं सांगते, असं माझं मत झालंय. प्रश्न बदलून घ्या: "त्याच्याशी बोलताना मी काय लक्षात ठेवू?"

आणि पोपटपंची. "कप्स म्हणजे भावना, स्वोर्ड्स म्हणजे विचार, म्हणजे तुमच्या भावना आणि विचार यांत संघर्ष आहे." हे वाक्य जगातल्या कुणालाही लागू पडतं.

९. वहीतली नोंद

रोज एक जोडी, सकाळी, स्वतःसाठी. पाच ओळी: तारीख आणि प्रश्न, दोन कार्डं क्रमाने, चित्रांत काय दिसलं, कुठला समास, आणि ते एक वाक्य. खाली दोन ओळी रिकाम्या सोडा. रात्री किंवा आठवड्याने तिथे प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. वाक्य चुकलं असेल तर खाडाखोड करायची नाही, तसंच ठेवायचं. महिन्याभरात आपली खोड दिसू लागते. माझ्या वहीत मी प्रत्येक जोडीला 'पण' लावत होते, एकसारखं. ते कळल्यावर पंधरा दिवस 'पण' वापरायला स्वतःला बंदी केली, आणि 'म्हणून' सापडायला लागलं.

काही पानं कोरी राहतात. गेल्या महिन्यातली मून आणि टू ऑफ पेंटॅकल्स ही जोडी मला अजून सुटलेली नाही. समास लिहायच्या ओळीवर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह आहे. तुमच्या डेकमधून ती दोन कार्डं काढा, घड्याळ लावा आणि तुमच्या वहीचं पहिलं पान त्यांच्यापासूनच सुरू करा.